‘हिला बॅलन्सच नाही’: 53व्या वर्षी स्कूटर शिकण्याचं एक प्रकरण

आमच्या दादाचं एक वाक्य घरात 18 वर्षं चाललं. “हिला बॅलन्सच नाही.” ही म्हणजे वहिनी. पुतणी आठ वर्षांची असताना तिला सायकल कशी चालवायची ते दाखवायला वहिनी स्वतःच सीटवर बसल्या, पॅडल मारलं आणि दहा पावलांवरच्या गटारात गेल्या. लागलं काहीच नाही. पण तेव्हापासून दुचाकीचा विषय निघाला की दादा हे वाक्य म्हणायचा, आणि पुढं पुढं वहिनी स्वतःच म्हणायला लागल्या.

मागच्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. पुतणीला पुण्यात नोकरी लागली, तिची बिनगिअरची स्कूटर जिन्याखाली कव्हर घालून उभी राहिली. आणि दादाची बदली भरूचला झाली, त्याचं रोजचं अपडाउन सुरू झालं. आम्ही बडोद्याचे. कारेलीबागेतून दांडिया बाजारला माहेरी जायचं तर रिक्षा, खंडेराव मार्केटला भाजीला जायचं तर रिक्षा, मंगळ बाजारातून अस्तराचं कापड आणायचं तर रिक्षा. वहिनी घरी ब्लाउज शिवतात, पायमशीनवर. अर्ध्या सोसायटीची मापं त्यांच्या वहीत आहेत. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, “भाऊजी, शाळेत एवढ्या पोरांना कवायत शिकवता. मला ती गाडी शिकवाल का?”

मी शाळेत शारीरिक शिक्षणाचा मास्तर, 22 वर्षं झाली. लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेला. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला व्यायामशाळेची जी एक ऐट असते ती माझ्यातही भरपूर. ‘15 दिवसांत रस्त्यावर आणतो’ असं मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्या 15 दिवसांचे पाच महिने कसे झाले, ते या प्रकरणात आहे. चुका बहुतेक माझ्याच आहेत.

पहिले नऊ दिवस

शिकाऊ लायसन्स काढलं, गाडीला पुढंमागं लाल ‘एल’ लावला आणि देवदिवाळी झाल्यावर सकाळी साडेसहाला सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर सुरुवात केली. पद्धत माझी नेहमीची, कवायतीची. मधोमध मी, भोवती वहिनींच्या फेऱ्या. रोज दीड तास. सगळ्या फेऱ्या डाव्या हाताला वळणाऱ्या, वेग एकच, आणि माझं तोंड अखंड चालू. “खांदे सैल. कोपर वाकवा. मान वर. गुडघे आत. मनगट, मनगट!”

पहिले दोन दिवस खांद्यापासून मुठीपर्यंत वहिनींचा हात म्हणजे एक काठी झालेला. मला वाटायचं, सांगूनही ऐकत नाहीत. निकोलाय बर्नस्टाइन या सोव्हिएत शास्त्रज्ञानं हे फार पूर्वी ओळखलं होतं: नवशिका माणूस सांधे गोठवून टाकतो, कारण एकाच वेळी सांभाळायच्या गोष्टी त्यामुळे कमी होतात. पोहायला शिकणारं मूल मान ताठ धरतं, पहिल्यांदा तबल्यावर बसलेला खांदा उचलून धरतो, ते यामुळेच. काम अंगवळणी पडत गेलं की सांधे आपोआप सुटतात. ओरडून सुटत नाहीत.

चौथ्या दिवशी पाय वर राहिले. नवव्या दिवशी पाय न टेकता 40 फेऱ्या. मी व्हिडिओ काढून पुतणीला पाठवला. त्या दिवशीच्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलंय: ‘उद्या रस्ता.’

दहाव्या दिवशी गेटमधून उजवीकडे वळायचं होतं. समोरून दूधवाल्याची सायकल आली. वहिनी दचकल्या, मूठ आवळली, अंग मागं गेलं. आता या गाडीची एक खोड लक्षात घ्या. अ‍ॅक्सिलरेटर उजव्या मुठीत, आणि मूठ स्वतःकडे फिरवली की वेग वाढतो. माणूस घाबरून मागं रेलला की मूठ त्याच्याबरोबर स्वतःकडेच फिरते. थांबायचं म्हणून अंग मागं घ्यावं, तर गाडी पुढं उसळते, मग माणूस आणखी मागं रेलतो. हे सगळं दोन सेकंदांचं काम. स्कूटर शेजारच्या काकूंच्या तुळशीच्या कुंडीवर जाऊन थांबली. नुकतंच लग्न लागलेली तुळस. कुंडी फुटली, वहिनींचा गुडघा सोलवटला.

दादाची सुट्टी होती, तो गॅलरीतच उभा होता. “मी काय म्हणत होतो?” एवढंच म्हणाला. किल्ली खिळ्यावर गेली ती गेलीच. जानेवारीपर्यंत कुणी हात लावला नाही.

गच्चीवर

मला कुंडीपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. कारण वहिनींना बॅलन्स नाही हे मला पटतच नव्हतं. या बाई नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळतात. गोलात फिरता फिरता स्वतःभोवती गिरकी घेऊन टाळी अचूक ठेक्यावर देतात, आणि त्यांच्या घागऱ्यावर कुणाचा पाय पडत नाही. हा बॅलन्स नाही तर काय आहे?

रविवारी गच्चीवर तिघं पापड वाळवायला गेलो तेव्हा मी घड्याळ लावलं. हात कमरेवर, एक पाय वर. वहिनी 40 सेकंद उभ्या राहिल्या आणि पापड उलटायचेत म्हणून पाय खाली ठेवला. मी 30. दादा सहा सेकंदांत पाण्याच्या टाकीला धरून उभा. हा दादा 35 वर्षं मांडवीच्या गर्दीतून एका हातानं पिशवी धरून स्कूटर चालवतोय.

म्हणजे बॅलन्स कुणाला होता आणि कुणाला नव्हता?

आपण ‘बॅलन्स’, ‘स्टॅमिना’, ‘हाताला वळण’ हे शब्द असे वापरतो, जणू अंगात एकेक टाकी बसवलेली आहे आणि प्रत्येकाची कमीजास्त भरलेली आहे. 1967 साली ड्रोवाट्झकी आणि झुकाटो या संशोधकांनी 50 शाळकरी मुलींना तोलाच्या सहा चाचण्या दिल्या: एका पायावर उभं राहणं, अरुंद पट्टीवर चालणं, बाजूला उडी मारून स्थिर होणं, असल्या. टाकी एकच असती तर एका चाचणीत पुढं असलेली मुलगी बाकीच्यांतही पुढं दिसायला हवी होती. पूर्ण मेळ असेल तर सहसंबंध 1 येतो. इथं कुठल्याही दोन चाचण्यांमधला सहसंबंध 0.31 च्या वर गेला नाही. शारीरिक शिक्षणाचे अमेरिकन संशोधक फ्रँकलिन हेन्री त्याआधीपासूनच सांगत होते, की कारक क्षमता, म्हणजे हालचालींच्या क्षमता, पुष्कळ आहेत, एकमेकींपासून बऱ्याच सुट्या आहेत, आणि प्रत्येक कामाला त्यांचा वेगळाच जुडगा लागतो.

त्या क्षमतांची नावंनिशी यादी करायचं मोठं काम मानसशास्त्रज्ञ एडविन फ्लाइशमन यांनी केलं. त्यांच्या यादीत सगळ्या अंगाचा तोल ही एक वेगळी क्षमता आहे. पण हातपाय एकमेकांशी जुळवणं, हलत्या वस्तूच्या गतीशी आपली गती जमवणं, खटका किंवा दांडा नेमका तेवढाच फिरवणं, याही स्वतंत्र क्षमता आहेत. माझ्या मते स्कूटरला पहिलीपेक्षा या बाकीच्याच जास्त लागतात. दुचाकी उभी राहते ती आपण अंग तोलून धरतो म्हणून नव्हे. गाडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवून आपण चाकं पुन्हा वजनाखाली आणतो, म्हणून राहते. नवशिक्याचा जीव नेमका उलटीकडे वळवायला सांगतो. आणि गाडी जितकी हळू, तितकं हँडल जास्त आणि पटपट फिरवावं लागतं. म्हणून ‘हळू चालवा, पडणार नाही’ हा सल्ला देणाऱ्यानं एकदा स्वतः चालण्याच्या वेगानं स्कूटर चालवून बघावी.

फ्लाइशमन यांचंच आणखी एक निरीक्षण आहे, हेम्पेल यांच्याबरोबर 1950च्या दशकात केलेलं. सराव वाढत जातो तशा त्या कामाला लागणाऱ्या क्षमताही बदलतात. सुरुवातीला ज्यांच्यावर भिस्त असते त्या मागं पडतात आणि त्या कामापुरतंच असं काहीतरी वर येतं. मग पहिल्या दहा पावलांवरून माणसाला 18 वर्षांचं प्रमाणपत्र कसं देता येईल? शाळेत मीही पहिल्या आठवड्यात पोरं ‘अंगाची’ आणि ‘बिनअंगाची’ अशी वेगळी काढत आलोय. ते आठवून गच्चीवर मला जरा कसंसंच झालं.

वहीतली खोट

त्या रात्री नऊ दिवसांची वही पुन्हा वाचली. आकडे एकदम झकास. रोज फेऱ्या वाढताहेत, पाय टेकणं कमी होतंय. खोट आकड्यांत नव्हती, ते कधी घेतले त्यात होती. प्रत्येक आकडा त्याच दीड तासातला, त्याच वळणावरचा, माझ्या आवाजाच्या टेकूवरचा. वहिनी आज काय करतात ते मी मोजत होतो. उद्या त्यातलं काय उरतं, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे दाखवणारा एक प्रयोग बॅडमिंटनचा आहे, गुड आणि मॅगिल यांचा, 1986चा. सर्व्हिसचे तीन प्रकार. एका गटाला एका दिवशी एकच प्रकार घोटायला दिला, दुसऱ्याला तिन्ही प्रकार उलटसुलट मिसळून. सराव संपल्यावर दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली तेव्हा मिसळून सराव करणारे पुढं निघाले. सराव कोर्टच्या एका बाजूनं झाला होता. बाजू बदलून सर्व्हिस करायला लावली तरी पुढं तेच. कारण असं सांगतात, की एकच गोष्ट लागोपाठ केली की मेंदू मागचंच उत्तर पुन्हा वापरतो. मध्ये दुसरं काही आलं की उत्तर विसरतं आणि दर वेळी नव्यानं काढावं लागतं. ते नव्यानं काढणं हाच खरा सराव. आमच्या वहिनींनी नऊ दिवसांत एकच उत्तर शेकडो वेळा वापरलं होतं: डावीकडे, त्याच वेगानं. गेटवर प्रश्न आला उजवीकडचा.

माझ्या तोंडाचंही तेच. विन्स्टीन आणि श्मिट यांनी 1990 साली दाखवलं, की दर प्रयत्नानंतर निकाल सांगितला काय आणि निम्म्याच वेळा सांगितला काय, सराव चालू असताना फारसा फरक दिसत नाही; पण दुसऱ्या दिवशी निकाल न सांगता करायला लावलं तर निम्म्या वेळा ऐकणारे सरस ठरतात. सतत कुणीतरी चूक सांगत असलं की आपल्या अंगाला काय कळतंय तिकडे लक्ष देण्याची गरजच उरत नाही. रस्त्यावर मी मागं राहिलो होतो. वहिनींच्या कानात माझा आवाज नव्हता आणि हातात दुसरं काही नव्हतं.

चिठ्ठ्या

पुन्हा सुरुवात जानेवारीत केली, तीही मुद्दाम उत्तरायण (आपली संक्रांत, इथं पतंगांचा सण) आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण उलटून गेल्यावर. त्या दिवसांत आडव्या लोंबणाऱ्या मांज्यानं जुन्या स्कूटरवाल्यांच्याही गळ्यावर बेततं, शिकाऊ माणसाला तिथं पाठवू नये.

वेळ दीड तासाची वीस मिनिटं केली. ब्रिटिश पोस्टातल्या कर्मचाऱ्यांना कीबोर्ड शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांना (1978) आढळलं होतं, की रोज एकच तास बसणारे सुमारे 35 तासांत शिकले, आणि दिवसातून दोनदा दोन-दोन तास बसणाऱ्यांना तेवढ्यालाच सुमारे 50 तास लागले. गंमत म्हणजे आपल्या वेळापत्रकावर सगळ्यांत नाराज होते ते रोज एक तासवाले. दिवसांच्या हिशेबानं त्यांचं शिकणं लांबत होतं ना.

पहिला आठवडा इंजिन बंद. सीटवर बसून दोन्ही पायांनी ढकलायचं आणि जमेल तितका वेळ पाय उचलायचे. मग इंजिन, आणि श्रीखंडाचा रिकामा डबा. डब्यात चिठ्ठ्या: ‘उजवीकडे वळा’, ‘चालण्याच्या वेगानं दहा पावलं’, ‘इंग्रजी आठ’, ‘टाळी वाजली की थांबा’, ‘मागं बघून सरळ’. वहिनींनी चिठ्ठी काढायची, करायचं, पुन्हा डब्यात टाकायची. मी गप्प. त्यांनी विचारलं तरच बोलायचं, तेही तीन प्रयत्न झाल्यावर. गप्प बसणं हा माझा अभ्यास होता आणि त्यात मी दोनदा नापास झालो.

टाळीची चिठ्ठी कुंडीसाठी होती. टाळी वाजली की आधी मूठ पुढं सोडायची, मग ब्रेक. दोन बोटं कायम ब्रेकवर ठेवायची, म्हणजे मूठ पूर्ण आवळताच येत नाही.

आकडे वाईट आले. नोव्हेंबरात जे जमत होतं तेही बिघडलं. डाव्या वळणावर पाय टेकायला लागले. सहाव्या दिवशी वहिनींनी डबा माझ्या हातात दिला. “येत होतं तेही गेलं, भाऊजी. ह्यांचंच खरं.”

मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबा. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. पुस्तकातलं प्लॉटवर उतरेलच असं नसतं.

रविवारी त्या आठचा आकडा काढत होत्या. चुन्यानं आखलेला, मध्ये जिथं रेघा छेदतात तिथं दर वेळी पाय खाली. एकदम थांबल्या आणि मला म्हणाल्या, “मी चाकाकडे बघतेय.”

“मग?”

“मशीनवर आपण सुईकडे बघतो का? सुईकडे बघितलं की शिलाई वाकडी येते. कापडाची कड पट्टीला लागतेय का ते बघायचं. सुई तिचं ती बघते.”

पुन्हा गाडी सुरू केली. या वेळी मान उचललेली, नजर आठच्या पुढच्या पोटाकडे. मध्यावर हँडल दोनदा थरथरलं, डाव्या पायाची टाच फूटबोर्डवरून बोटभर उचलली गेली आणि पुन्हा बसली. आठ पूर्ण. लगेच दुसरा. मी तोंडावर हात धरून उभा होतो.

गॅब्रिएल वुल्फ यांनी 1998 साली डगमगत्या फळीवर लोकांना उभं केलं होतं. काहींना सांगितलं, आपल्या पायांकडे लक्ष ठेवा. काहींना सांगितलं, पायांसमोर फळीवर लावलेल्या खुणांकडे लक्ष ठेवा. पाय आणि खूण यांत अंतर इंचांचं. खुणांवर लक्ष ठेवणारे जास्त चांगले शिकले. अंगाला अंगावर सोडून, लक्ष कामाच्या परिणामाकडे ठेवायचं. मी नऊ दिवस खांदा, कोपर, मनगट करत बसलो होतो, आणि वहिनींना 30 वर्षं मशीनवर जे ठाऊक होतं ते माझ्या ओरडण्याखाली दबलं होतं. त्यानंतर मुठीबद्दलही त्यांची भाषा मशीनचीच झाली. “पायपट्टीवर एकदम दाब दिला की दोरा तुटतो,” असं म्हणत अ‍ॅक्सिलरेटर सोडायच्या.

फेब्रुवारीत नात्यातल्या लग्नाला आठ दिवस मुंबईला जाणं झालं. एरवी मी खंड पडला म्हणून कुरकुरलो असतो. आता परीक्षाच ती. परत आल्यावर कसलीही तयारी न करता पहिल्याच दिवशी पाच चिठ्ठ्या काढल्या. पाय एकदाच टेकला. जाण्याच्या आदल्या दिवशी चारदा टेकला होता. वहीत या एका ओळीखाली मी दोन रेघा मारल्यात.

रस्ता मग तुकड्यांनी आला. आधी सकाळची रिकामी कॉलनी, मग काळा घोडा, मग कोठी, मग रावपुऱ्याचा टॉवर. टॉवरपाशी एक गाय, दोन रिक्षा आणि “बेन, जरा साइडमां!” आरटीओच्या ट्रॅकवर पहिल्यांदा पाय टेकला, नापास. सात दिवस थांबून पुन्हा दिली, पास. दादानं पेढे आणले, वाक्याबद्दल काही बोलला नाही.

जे सांगता येत नाही

यातलं नेमकं कशानं काम झालं ते मी सांगू शकत नाही. वेळ, मिसळ, माझं गप्प बसणं आणि नजर, चार गोष्टी मी एकदमच बदलल्या. शिवाय नऊ दिवसांचा जुना सराव अंगात होताच. अगदी पहिल्या दिवसापासून चिठ्ठ्या दिल्या असत्या तर कदाचित वहिनी तिसऱ्याच दिवशी किल्ली खिळ्याला लावून मोकळ्या झाल्या असत्या. अगदी नवख्याला आधी थोडं एकसारखं घोटू द्यावं आणि मग मिसळावं, असं माझं आताचं मत आहे. शाळेत लंगडी आणि लगोरीच्या पोरांवर तेच करून बघतोय.

फिट्स आणि पोस्नर यांनी शिकण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत: डोक्यानं करणं, जुळवत करणं, आणि आपोआप होणं. वहिनी कॉलनीत तिसऱ्या टप्प्यावर आहेत, मांडवीत अजून दुसऱ्या. मांडवी दरवाज्याजवळ त्या गप्पा मारत नाहीत, विचारलं तर उत्तर देत नाहीत. अंधार पडल्यावर गाडी काढत नाहीत. सुरसागरच्या कडेनं जाताना एकदा त्यांनी गाडी बंद करून, पायांनी ढकलत ती बाजूला घेतली होती, पहिल्या आठवड्यासारखी. मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवले, त्यांनी वाजवू दिले.

लायसन्स आल्यावर त्यांनी मला एकदाच मागं बसवलं. खंडेराव मार्केटमधून मेथीच्या सहा जुड्या आणि पाच किलो बटाटे घेऊन आम्ही निघालो. काळ्या घोड्याच्या चौकात एक टेम्पो डावीकडून आत घुसायला लागला, आणि माझ्या तोंडून गेलंच, “वहिनी, मनगट...”

त्यांनी मूठ सोडली, ब्रेक दाबला, टेम्पोला जाऊ दिलं. मान न वळवता म्हणाल्या, “चिठ्ठीत होतं का ते, भाऊजी?”